पाझर आणि गळती

ज्या वस्तूचे अंतरंग आपणांस कळत नाही, तिच्याशी आपण दोनच तऱ्हांनी वागतो. ती चालत असली म्हणजे तिला विसरतो, आणि बिघडली म्हणजे तिच्यावर पैसे टाकतो. आमच्या मोटारीतील शीतयंत्राशी, म्हणजे ज्यास सर्वत्र 'एसी' म्हणतात त्याच्याशी, आमचे वर्तन तीन वर्षे याच प्रकारचे होते. चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले की यंत्रातून येणारा वारा कोमट होई. आम्ही गाडी एका दुकानात नेत असू. तेथील तरुण नळी लावून पंधरा मिनिटांत 'गॅस' भरून देई, दोन-अडीच हजार रुपये घेई, आणि वारा पुन्हा गार होई. पुढच्या वैशाखात पुन्हा हाच विधी. घरात जसे वर्षाचे लोणचे आणि वर्षाचे पापड, तसा गाडीत वर्षाचा गॅस, अशी आमची समजूत होऊन बसली होती. पेट्रोल जळते म्हणून भरावे लागते. तसा गॅसही गारवा देता देता खर्च होत असावा, असा तर्क आम्ही आमच्यापुरता करून ठेविला होता. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. विद्यार्थ्याने एखादे विधान आधारावाचून केले तर त्यास तासभर धारेवर धरावयाचे, आणि स्वतःच्या गाडीविषयी असले निराधार विधान तीन वर्षे उराशी बाळगावयाचे, यात आम्हांस काही विसंगती दिसली नाही.

आमच्या मातुःश्री गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला, आमच्या मूळ गावी असतात, वय ८२. आम्ही नोकरीच्या निमित्ताने अंबाजोगाईस, म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर. परीक्षांचे काम आटोपले की दरवर्षी आम्ही त्यांना पंधरा दिवसांकरिता घेऊन येतो. गेल्या वैशाखात याच कामी निघालो होतो. गॅस महिन्यापूर्वीच भरून घेतला होता, त्यामुळे मन निश्चिंत होते. मातुःश्रींना घेऊन गेवराई सोडली तेव्हा वारा गार होता. बीडच्या निम्म्या वाटेवर तो कोमट झाला, आणि थोड्याच वेळात भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखे वाटू लागले. बाहेर पारा ४२ अंशांच्या घरात होता. काचा उघडाव्या तर महामार्गावरच्या झळा तोंडावर येत. मातुःश्रींनी बाटलीतील पाण्याने पदर भिजवून डोक्यावर घेतला व म्हणाल्या, "काही होत नाही मला. चल तू." दहा मिनिटांनी मागे वळून पाहिले, तो त्यांची मान खिडकीला टेकलेली, ओठ कोरडे, चेहरा लालबुंद. आम्ही हाक मारली. त्यांनी ओ दिली, पण उशिरा दिली. तो उशीर आम्ही अद्याप विसरलो नाही.

बीड लागताच जो पहिला दवाखाना दिसला तेथे त्यांना नेले. डॉक्टरांनी अंग ओल्या फडक्याने पुसविले, पंख्याखाली निजविले, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजविले. दोन तासांनी मातुःश्री उठून बसल्या आणि त्यांनी चहा मागितला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. डॉक्टर वयाने आमच्याहून पुष्कळ लहान, परंतु त्यांनी आम्हांस एका बाजूस घेऊन सांगितले, "सर, थोडक्यात निभावलं. गाडी दुरुस्त झाल्याशिवाय यांना दुपारचं पुढं नेऊ नका." आम्ही मान खाली घालून ऐकून घेतले. तीस वर्षे आम्ही ज्या स्वरात इतरांस सांगत आलो, तो स्वर ऐकून घेण्याची ती आमची पहिलीच वेळ असावी.

दवाखान्यातच कोणी एका मिस्त्रीचे नाव सांगितले. त्याचे गॅरेज दोन गल्ल्या ओलांडून होते. पुढे निंबाचे झाड, झाडाखाली बाजले, बाजल्याशेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ. मिस्त्री साठीच्या घरातला, बोलणे बेताचे. त्याने मातुःश्रींस "माय, इथं सावलीला बसा," म्हणून बाजले झाडून दिले आणि मगच गाडीकडे वळला. आम्ही अधिकारवाणीने म्हटले, "गॅस संपला आहे. तेवढा भरून द्या."

"दरसाल भरता का, सर?"

"होय, दरसाल."

"गाडी काय गॅस पीत नसती. आतल्या आत फिरत असतो तो. कमी झाला म्हंजी कुठून तरी गळायलाय."

एवढे बोलून त्याने बॉनेट उघडले. आमची अशी कल्पना होती की, आता तोही नळी लावील. परंतु पहिला अर्धा तास त्याने नळीस हात लाविला नाही. गाडी सुरू करून तो नुसता ऐकत उभा राहिला. कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबणारा पंप, 'टक्' करून सुरू होई, चार-दोन क्षण फिरे, आणि पुन्हा 'टक्' करून थांबे. वायू फार कमी झाला म्हणजे आतील दाबाची कळ पंप आपोआप बंद करते. कारण वायूबरोबर वंगणाचे तेलही फिरत असते, आणि तेलावाचून पंप फिरत राहिला तर तो जळून जावयाचा. म्हणजे जी गोष्ट आम्ही यंत्राचा हट्ट समजत होतो, ती त्याची जीव वाचविण्याची धडपड होती. मग त्याने समोरच्या खणामागील हवेची गाळणी ओढून काढली. तीत धूळ आणि निंबाचा पाला इतका बसला होता की, तीतून वारा येत होता हेच नवल. गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या बारीक पात्यांत माती आणि कापसाची तंतुमय कस गच्च भरली होती. आमचा जिल्हा कपाशीचा. जिनिंगच्या हंगामात रस्त्यांच्या कडेला जो पांढरा कापूस उडत असतो, तो आमच्या गाडीने मुकाट्याने गोळा केला होता. मिस्त्रीने पाण्याची हलकी धार सोडून ती पाती उलट बाजूने धुऊन काढली. जोराची धार मारली तर पाती वाकतात, हेही त्याने सांगितले.

नंतर निळे आणि तांबडे अशी दोन गेजे लागली. उरलासुरला वायू त्याने हवेत न सोडता यंत्रात ओढून घेतला, रिकाम्या नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला, आणि एका वाटीत साबणाचा फेस करून तो दाढीच्या ब्रशाने एकेका सांध्यास लावू लागला. पहिल्या चार सांध्यांवर फेस निश्चल राहिला. पाचवा सांधा कंडेन्सरपाशी, खालच्या अंगाला होता. तेथे धुळीचा एक तेलकट डाग होता. वायू जेथून जातो तेथून थोडे तेलही जाते व त्यावर धूळ चिकटते, म्हणून जाणत्याची नजर प्रथम अशा डागावरच जाते. तेथे फेस लावताच एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा येऊ लागला.

"हे बघा, सर. तीन सालापासून हेच."

त्याने सांधा उकलून एक काळी रबरी रिंग आमच्या तळहातावर ठेविली. करंगळीच्या नखाएवढी, उष्णतेने कडक होऊन तिला तडा गेला होता. तिची किंमत पन्नास रुपयांच्या आत. आम्ही त्या तड्यावाटे आजपर्यंत सात-आठ हजार रुपये घातले होते. पूर्वीच्या दुकानदारास दोष द्यावा असे क्षणभर मनात आले. परंतु दरवर्षी तेथे जाऊन "लवकर भरा, घाई आहे," असे म्हणत आलो ते आम्हीच. ज्याने घाई मागितली त्यास घाई मिळाली.

नवी रिंग बसली. नायट्रोजन पुन्हा भरून अर्धा तास काटा हालतो की काय ते पाहिले. तो हालला नाही. मग व्हॅक्यूमचा पंप लागला. नळ्यांतील हवा व ओल काढून टाकावी लागते, कारण ओल राहिली तर आत गोठून वाट अडविते. त्यास पाऊण तास लागणार होता. तेवढा वेळ आम्ही मातुःश्रींपाशी बाजल्यावर जाऊन बसलो व ती रिंग त्यांना दाखविली. त्यांनी ती उन्हाकडे धरून पाहिली व म्हणाल्या, "तुझे वडील म्हणायचे, हौद गळका असला की मोट हाकून हाकून बैल मरतो. विहिरीचं काही जात नाही."

एवढेच बोलून त्या माठातले पाणी मागू लागल्या. परंतु आम्हांस ते वाक्य कुठे तरी लागले.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्यात आणि धाकट्या बंधूंत शब्दाला शब्द लागला. अंगणात मधोमध भिंत आली. त्यास चार वर्षे झाली. मातुःश्री भिंतीच्या अलीकडे, आमच्या वाट्याच्या दोन खणांत राहतात, नातवंडे पलीकडे. जाणेयेणे आहे, परंतु एका बाजूस जेवल्या तर दुसऱ्या बाजूस सांगावयाचे नाही, असे त्यांचे जिणे झाले आहे. आम्ही महिन्याच्या महिन्यास पैसे पाठवितो. वैशाखात त्यांना घेऊन येतो. सौभाग्यवती त्यांचे सर्व प्रेमाने करते. पंधरा दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर तजेला येतो. आणि गावी परतल्यावर महिन्याभरात फोनवरचा आवाज पुन्हा सुकलेला. मग आम्ही पैशांत थोडी भर घालतो. हा भरणा आम्ही चार वर्षे न चुकता केला, आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

व्हॅक्यूमचे काम झाल्यावर मिस्त्रीने बॉनेटखालच्या पट्टीवरील आकडा वाचला आणि काट्यावर तोलून ४५० ग्रॅम वायू आत सोडला. अंदाजाने भरू नये. कमी झाला तर गारवा नाही आणि जास्त झाला तरी दाब वाढून गारवा नाही, असे तो म्हणाला. जाळीपाशी थर्मामीटर धरला, तो ९ अंश दाखवू लागला. ऊन कलल्यावर आम्ही निघालो. शहराबाहेर सोलापूरच्या रस्त्यावर खजाना विहिरीचा फाटा येतो. निजामशाहीच्या अमदानीत, सोळाव्या शतकात बांधलेली ही विहीर भुयारी पाटांनी शेतांस पाणी देत आली आहे. मातुःश्रींनी तिकडे पाहून नित्याप्रमाणे हात जोडले. मांजरसुंब्याचा घाट चढताना त्या म्हणाल्या, "गार फार लागायलंय. कमी कर." हे शब्द ऐकून आम्हांस जितका आनंद झाला, तितका कोणत्याही परीक्षकाच्या प्रशस्तीने झाला नसेल.

त्या आठवड्यात आमचे पदार्थविज्ञानाचे एक स्नेही चहास आले. त्यांस आम्ही सारी हकीकत सांगितली. ते आमच्या स्वयंपाकघरातील माठाकडे बोट दाखवून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही यंत्राला माठ समजलात." आणि त्यांनी जे समजावून दिले ते वाचकांसही रुचेल असे वाटते.

तत्त्व दोहोंचे एकच. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ मागे उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. अठराव्या शतकाच्या मध्यास एडिंबरो येथे विल्यम कलन या अध्यापकाने निर्वात पात्रात ईथरची वाफ करून बर्फ करून दाखविला, तोही याच न्यायाने. मोटारीत ईथरऐवजी एक वायू असतो. साध्या दाबाखाली तो शून्याखाली २६ अंशांसच उकळतो. गाडीच्या आतील नळ्यांत तो उकळतो व आतली उष्णता शोषतो. पंप त्यास दाबतो. तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो, आणि हे चक्र चालू राहते. थंडी म्हणून काही निर्माण होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेरच्यांच्या अंगावर टाकली जाते, एवढेच. भेद इतकाच की, माठाने आपले पाणी गमवावे हाच त्याचा धर्म आहे. तो न पाझरेल तर गार होणार नाही, आणि म्हणून तो रोज भरावा लागतो. यंत्राचा धर्म नेमका उलट. त्यातील वायू कणभरही बाहेर जाऊ नये. कालांतराने जुन्या रबरातून किंचित् जातो तेवढा जातो. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर तो पाझर नव्हे, ती गळती.

या यंत्राचा इतिहासही त्यांनी ओघात सांगितला. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलीनच्या एका छापखान्याकरिता हवेतील दमटपणा आवरण्याचे यंत्र रचले. ते माणसांकरिता नव्हते, दमट हवेत कागद फुगून रंग एकमेकांवर बसत नसत म्हणून होते. १९३९ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने मोटारीत शीतयंत्र बसवून दिले, तेव्हा त्याने सामानाची बरीच जागा व्यापली होती. आणि गारवा नको झाला म्हणजे गाडी थांबवून, खाली उतरून, पंपाचा पट्टा हाताने काढावा लागे. त्या काळच्या वायूने पुढे निराळाच अनर्थ केला. असले वायू वर जाऊन पृथ्वीचे ओझोनचे छत्र विरळ करतात, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये ते वायू क्रमाने बंद झाले. हल्ली आमच्यासारख्या पुष्कळ गाड्यांत जो वायू असतो तो त्या छत्रास अपाय करीत नाही. परंतु वातावरण तापविण्यात तो वजनास वजन कर्बवायूच्या तेराशे ते पंधराशे पट भारी आहे. आमच्या स्नेह्यांनी तेथेच हिशेब केला. तीन वर्षांत किलोभर वायू गळला असे धरले, तर सुमारे सहाशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका तो अपराध झाला. म्हणजे उन्हापासून बचाव व्हावा म्हणून आम्ही दरवर्षी उन्हातच भर घालीत होतो.

ते गेल्यावर आम्ही पुष्कळ वेळ माठाकडे पाहत बसलो. असे वाटले की आमच्या जिल्ह्याचा बराच व्यवहार या भरण्यावर चालला आहे. उन्हाळा आला की टँकर. पावसाळा आला की त्याचा विसर. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून ऊसतोडीस निघालेली कुटुंबे हंगाम संपता परततात. पुष्कळांची उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या साली पुन्हा उचल. तहानलेल्यास टँकर हवाच, त्याविषयी वाद नाही. त्या दिवशी मातुःश्रींसही ओला पदर हवाच होता. परंतु ओला पदर हा उपाय नव्हे, हे आम्हांस बीडच्या दवाखान्यात कळले. सांध्याशी वाकून फेस लावून पाहण्याचे काम कंटाळवाणे असते, त्यास वेळ लागतो, आणि बुडबुडा कोठे येईल याची धास्तीही असते. भरणा त्या मानाने सोपा. त्याची पावती मिळते.

अर्थात प्रत्येक भरणा व्यर्थ असतो असे नाही. आईकडे जाणे, तिच्यापाशी बसणे, तिची विचारपूस करणे, हे माठाचे पाणी आहे. ते रोज पाझरणार आणि रोजच भरावे लागणार. ते एकदाच भरून मिटवू म्हणणारा मूर्ख. आमची चूक निराळी होती. माठास तडा गेला होता आणि आम्ही घागरीमागून घागरी ओतून, 'पाझरतो आहे, पाझरतो आहे,' असे स्वतःस समजावीत होतो. पाझर आणि गळती यांत ओल दोन्हीकडे दिसते. म्हणूनच फसगत होते.

पंधरा दिवसांनी मातुःश्रींना पोचवावयास गेलो, तेव्हा त्यांचे गाठोडे आत ठेवून आम्ही भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. बंधू ओसरीवर बैलाचे दावे वळीत बसले होते. त्यांनी मान वर केली, पुन्हा दाव्याकडे घातली. भावजयीने तांब्याभांडे आणून ठेविले. पाणी माठातले होते. "दादा, एसी बिघडला होता म्हणं," बंधू दाव्याकडेच पाहत म्हणाले. वाटेतली हकीकत मातुःश्रींनी त्यांस फोनवर सांगितली असावी. आम्ही खिशातली ती तडकलेली रिंग काढून त्यांच्यापुढे ठेविली आणि सारे सांगितले. मातुःश्रींची मान खिडकीस टेकली होती तेही सांगितले. पाळीचा विषय निघाला तेव्हा आवाज पुन्हा चढले. कोणी कोणाचे चटकन ऐकले असे नाही. परंतु मातुःश्री भिंतीपलीकडून उठून आल्या आणि दोघांच्या मध्ये ओसरीवर बसल्या, आणि त्या दिवशी त्यांनी दोन्हीकडच्या भाकरीची गोष्ट उघडपणे बोलून दाखविली.

भिंत अजून उभी आहे. पाळीचा कागद व्हावयाचा आहे. एवढेच की, बुडबुडा कोठे येतो हे आता आम्हां दोघांसही दिसले आहे.